घर आपलं, भार सगळ्यांचा

‘घर माझं, पैसा माझा; भिंत पाडायला पालिकेला कशाला विचारायचं?’ हा सवाल इतक्या ठामपणे विचारला जातो की कायदा खिळा ठोकण्याचीही परवानगी मागतो असं वाटावं. प्रत्यक्षात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये उलट सवलत आहे. फक्त आतल्या भागापुरती किंवा बाह्य स्वरूप फारसं न बदलणारी कामं, वारसा इमारती सोडल्यास, परवानगीतून वगळली आहेत. रंग, गिलावा, फरशी खुशाल बदला. गच्चीवर खोली चढवणं किंवा बाल्कनी पुढे ओढणं यात बसत नाही.

मग ‘आतलं ते सगळं माफ’ म्हणावं का? तेही नाही. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ३४२ आडवं येतं: भाडेकरूयोग्य किरकोळ दुरुस्ती सोडून इमारतीच्या भागात फेरबदल करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. ही खुसपटं नव्हेत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं. त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी त्या कामाला संमती दिली होती का, हे कुणी विचारलं नसावं.

दुसरा युक्तिवाद अधिक धूर्त: आधी बांधा, मग दंड भरून नियमित करा. त्याला आधार नाही असं नाही. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात कलम ५२अ आणून सरकारनेच ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांसाठी दार किलकिलं केलं. पण सरसकट माफी त्यातही नव्हती. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लोटलेला काळ, ओतलेला पैसा किंवा अधिकाऱ्यांची दिरंगाई यांमुळे बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

तिसरी पळवाट म्हणजे सोसायटीचं ‘ना हरकत’ पत्र; पण तेही पालिकेची परवानगी नव्हे.

राहिला पालिकेच्या खेट्यांचा प्रश्न. ही तक्रार खरी आहे, आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. मात्र आराखडा विकास नियंत्रण नियमांत काटेकोर बसणारा हवा. म्हणूनच अर्जाची शिक्का मारलेली पोच महत्त्वाची: साठ दिवस मोजायचे ते तिच्यावरच्या तारखेपासून किंवा, पालिकेने काही माहिती मागवली असेल तर, तुमचं उत्तर तिला मिळाल्याच्या तारखेपासून.