तेलाचा डबा वाचा की!

गाडी बाईची असली तरी इंजिनात कोणतं तेल घालायचं, हे गॅरेजवाला ठरवतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘वहिनी, ते आमच्यावर सोडा.’ सोडायचं का? बिल तर आपणच भरतो!

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्या. २००४ मध्ये ती भारतात आली, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर, आणि शेजारीच धुराची धग. हलकं तेल तिथं करपतं, कढईच्या काठाला राप धरतो ना, तसंच. सिंथेटिक तेल ही धग जास्त सोसतं.

पण मैत्रिणींनो, नुसता ‘सिंथेटिक’ शब्द बघून भागत नाही. ५डब्ल्यू-४० हा आकडा तेलाचा पातळ-दाटपणा सांगतो, बस्स. कंपनीची मान्यता वेगळी. या इंजिनाला फोक्सवॅगनचा ५०२ ०० हा क्रमांक लागतो, मर्सिडीजचे क्रमांक निराळे. आपल्या गाडीचा क्रमांक मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तोच डब्यामागे ‘अप्रूव्हल’ म्हणून हवा. ‘सूटेबल’ हा नुसता तेलवाल्याचा दावा. महाग डबा म्हणजे योग्य तेल, असंही नाही.

आपल्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या हाताला तोड नाही. तरी सीलबंद डबा समोर फोडायला सांगावा, खरा मिस्त्री रागावत नाही. आणि कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्यात चहाला थांबलात, तर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू राहू दे, तापलेल्या टर्बोतून तेल फिरायला हवं.