वाईट बातमी वर पोहोचते का?

चंद्रपुरात २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, गडचिरोलीत २०२४ साली. ज्या जिल्ह्यांत बदली होणे ही शिक्षा मानली जाई, तिथेच आता डॉक्टर घडणार आहेत. आनंदाची गोष्ट आहे. आपल्या वाचकांपैकी अनेक मुले-मुली आज नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन किंवा एमबीबीएसच्या वाटेवर आहेत. त्यांच्यातलीच काही उद्या या रुग्णालयांत काम करतील.

नव्या रुग्णालयाची चर्चा झाली की खाटा किती, यंत्रे कोणती, इमारत किती मजली हेच विचारले जाते. आमचा प्रश्न वेगळा आहे. रात्रपाळीच्या नर्सला डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये चूक दिसली, तर ती लगेच बोलू शकते का? की "आपण कशाला अंगावर घ्या" म्हणून गप्प बसते? रुग्णाचा जीव पुष्कळदा या एका गोष्टीवर ठरतो. आणि ती नर्स बोलणार की नाही हे तिच्या स्वभावापेक्षा तिचे वरिष्ठ कसे वागतात यावर अवलंबून असते.

याचे एक चांगले उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे सुशिक्षितांना विचारात पाडणारी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही तर मृतांना पांढऱ्या कापडात गुंडाळतो. कफन पाहिलेल्या आपल्या घरांनाही ही भावना समजायला अवघड जाऊ नये. बंग दांपत्याने याला अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेले नाही. शोधग्राममध्ये त्यांनी आदिवासी गावासारखे, झोपड्यांचे रुग्णालय उभारले, नातेवाइकांना राहायला जागा केली आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे ओळखायला त्याचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. गावातल्या अनेक सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. "या बायकांना हे जमणार नाही" म्हणून विषय तिथेच संपवता आला असता. त्याऐवजी सर्चने एक साधे उपकरण तयार केले: मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी. माणसाला दोष देण्याऐवजी त्याच्या हातातले साधन बदलले. पुढे गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाली. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे गडचिरोलीतल्या या कामाचा मोठा वाटा आहे.

याच मंडळींनी २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालातून सांगितले की महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मृत्यू नोंदीतून गळतात कसे? जिथे मृत्यू कळवला की पहिली नोटीस कळवणाऱ्यालाच येते, तिथे मृत्यू कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनाही १९९०च्या दशकात असेच काही आढळले. चांगले नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. त्या वॉर्डांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर कारण दिसले: तिथली माणसे चुकीबद्दल उघड बोलत होती, बाकीच्या ठिकाणी ती झाकली जात होती. म्हणून "आमच्याकडे एकही चूक होत नाही" असे सांगणाऱ्या रुग्णालयापासून जरा सावधच राहावे.

आता शेजारचा भंडारा जिल्हा पाहू. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळे दगावली. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिकांच्या सेवा संपवण्यात आल्या. ज्याची जबाबदारी, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण दहा घरांना त्याहून मोठे उत्तर हवे असते. आगीच्या धोक्याबद्दल आधी कोणी, कोणाला, काय सांगितले होते? त्या कागदाचे पुढे काय झाले? रात्री किती बाळांमागे किती परिचारिका होत्या? हे प्रश्न न सोडवता माणसे बदलली, तर पुढच्या पाळीला येणारी परिचारिका त्याच खोलीत त्याच धोक्याजवळ उभी राहते.

न्याय्य व्यवस्था म्हणजे सगळ्यांना माफी असा अर्थ कोणी काढू नये. तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सलग दुसरी पाळी करणाऱ्या नर्सने सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्यांतली चुकीची उचलली, ही चूक आहे. तिथे पाळी आणि बाटल्यांची मांडणी बदला. घाई म्हणून हात न धुता पुढच्या रुग्णाकडे जाण्याची सवय लागली, तिथे समज द्या आणि घाई का होते ते शोधा. ड्यूटीवर असताना खासगी दवाखाना चालवणे हा बेजबाबदारपणा आहे. तिथे कारवाईच हवी, मग तो माणूस कितीही मोठा असो. आपल्याकडे बरेचदा उलटे घडते. चुकणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याची नोकरी जाते आणि गैरहजर राहणाऱ्या साहेबाला कोणी हात लावत नाही.

सुरक्षितता फक्त रुग्णाचीच नसते. डॉ. पायल तडवी मूळच्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या, म्हणजे आदिवासीही आणि मुस्लिमही. मुंबईच्या नायर रुग्णालयात त्या स्त्रीरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण आपण आधीच तक्रार केली होती, असे पायलच्या आईने सांगितले आहे. तक्रार होऊनही काही हलत नसेल, तर तो एखाद्या विद्यार्थ्याचा नव्हे, संस्थाप्रमुखाचा प्रश्न असतो. गडचिरोलीच्या महाविद्यालयात उद्या माडिया, गोंड, दलित, मुस्लिम मुले-मुली एकाच वसतिगृहात राहतील. त्यांचे पहिले वर्ष कसे जाते, हे तिथल्या वरिष्ठांनी स्वतः जाऊन पाहायला हवे.

मग प्रमुखाने नेमके करायचे काय? फार खर्चाचे काही नाही. आठवड्यातून एकदा वॉर्डात जाऊन नर्सला, वॉर्डबॉयला, सफाई कामगाराला विचारावे: "इथे पुढचा अपघात कुठे होईल असे तुम्हाला वाटते?" उत्तर लिहून घ्यावे आणि पुढच्या आठवड्यात काय केले ते सांगावे. मृत्यूच्या आढाव्यात "कोणी केले" याआधी "कसे घडले" हे विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी खरोखर वाचावी. त्या यादीत टीममधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. ज्याचे नाव सर्वांना माहीत झाले, त्याला "सर, थांबा" म्हणणे थोडे सोपे जाते. तक्रार समिती कागदावर न ठेवता तक्रारदाराला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. आणि या सगळ्यात कंत्राटी कर्मचारी आणि आशाताई यांना धरावे, कारण धोका सर्वांत आधी त्यांनाच दिसतो.

हे सरकारी रुग्णालयांना सांगताना आपल्या समाजाच्या ट्रस्टचे दवाखाने, रुग्णवाहिका आणि रक्तदान शिबिरेही नजरेसमोर ठेवू या. विश्वस्तांना प्रश्न विचारलेला चालतो का? तिथली नर्स पगार आणि पाळ्यांबद्दल बोलू शकते का? खिदमत हा शब्द हिशेब टाळण्यासाठी वापरला जात असेल, तर तिथेही रुग्ण सुरक्षित नाही.

या क्षेत्रात जाणाऱ्या तरुण वाचकांना एवढेच सांगणे आहे. तुमच्यापैकी अनेक जण लवकरच कोणाचे तरी वरिष्ठ व्हाल, निदान एका शिकाऊ मुलीचे तरी. ती घाबरत वाईट बातमी घेऊन येईल. तेव्हा तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य "हे कोणी केले?" असेल की "बरे झाले सांगितलेस", यावर ती दुसऱ्यांदा येईल की नाही हे ठरेल.