वार कोण उचलतं?



शहराच्या पोटातल्या तबेल्यांतल्या म्हशी बाहेर हलवाव्यात, मुंबईला स्वच्छ दूध मिळावं, म्हणून 1949 साली गोरेगावला आरे वसाहतीचा पाया घातला गेला. त्याच हद्दीतल्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी कुटुंबं राहतात. काहींच्या दारात दोन-चार शेळ्या असतात, आणि त्यांचं सगळं बाईच करते.

शेळीनं गाभ टाकला की मेलेलं करडू, वार, घाण बाईच उचलते, उघड्या हातांनी. यामागे ब्रुसेला नावाचा जंतू असू शकतो. हातावरच्या चिरेतून, कच्च्या दुधातून तो माणसात शिरतो. मग चढता-उतरता ताप, घाम, सांधेदुखी. कधी महिनोन् महिने. गरोदर बाईला गर्भपाताचा धोका. मलेरियाच्या गोळ्या होतात, टायफॉइडच्या होतात, शेवटी ‘अंग चोरते’ म्हणून घरचे मोकळे! खरं तर रक्ततपासणीनं निदान होतं, आणि सुमारे सहा आठवडे नेटानं औषधं घेतली तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

ही माहिती नवी नाही. 1905 मध्ये माल्टा बेटावर या तापाचं मूळ बकरीच्या दुधात सापडलं. ब्रिटिश सैनिकांचं ते दूध बंद झालं, छावणीतला ताप ओसरला. बेटावरच्या साध्या घरांत तो पुढे कित्येक वर्षं राहिला.

आपल्याकडे 2019 साली केंद्र सरकारनं जनावरांतल्या या रोगाविरुद्ध मोफत लसीकरण जाहीर केलं. लस कुणाला? चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना. शेळ्या त्यात नाहीत. माणसाला सर्वांत जास्त छळणारा ब्रुसेला मात्र शेळ्या-मेंढ्यांतलाच. एरवी शेळीला गरिबाची गाय म्हणायचं आणि लस टोचताना खरी गाय बरोबर ओळखायची!

गावोगावी ‘उमेद’ अभियानातून पशुसखी तयार झाल्या. पण ते अभियान ग्रामीण भागाचं. आरेचा पाडा कागदोपत्री मुंबईत.

तोवर एवढं करा. गाभ टाकलेली शेळी वेगळी बांधा. हातमोजे नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळा. वार कुत्र्यापुढे न टाकता चुना घालून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. गरोदर बाईनं यातल्या कशालाही हात लावू नये. घरातल्या पुरुषानं पिशव्या घालून ते काम करावं, त्यालाही दोन हात आहेत. आणि महापालिकेच्या दवाखान्यांकडे आपण मागणी करू या: ताप घेऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर एक प्रश्न असावा, ‘घरी जनावरं आहेत का?’