यंत्रांची भाषा आणि विक्रेत्याचा शब्द

यंत्र बिघडण्यापूर्वीं कण्हतें. त्याचा कंप वाढतो, बेअरिंग तापतें. हें कण्हणें टिपणारे सेन्सर आणि तें संगणकापर्यंत पोंचविणारा गेटवे यांच्या विक्रीस माझा मुळींच विरोध नाहीं. अकस्मात् मोडणारें यंत्र मालकाचा पैसा खातें, प्रसंगीं कामगारास जायबंदी करितें.

माझा आक्षेप निराळा आहे. कित्येक विक्रेते आपल्या उपकरणास अशी गुप्त भाषा शिकवितात कीं, ती दुसऱ्याच्या उपकरणास उमगत नाहीं. वर्गणी थांबली कीं सारेंच मुकें! वस्तुतः १९७९ सालची मॉडबस व १९९९ सालची एमक्यूटीटी या भाषा आज सर्वांस खुल्या आहेत. मात्र मूळच्या मॉडबसमध्यें बोलणारा कोण, हें ओळखण्याची सोय नाहीं. म्हणून खुल्या भाषेबरोबर दारास भक्कम कुलूपही हवें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जो कोणी उद्यां हा धंदा करील, त्यानें गिऱ्हाइकास तीन गोष्टी आधींच सांगाव्या: नोंदींचा मालक कोण, यंत्राची भाषा कोणती, आणि आपलें दुकान उठल्यास पुढें काय. हें लपवून विकणारा माल विकीत नाहीं, बेडी विकतो.