बीचवर बसून गणित करणाऱ्या प्राध्यापकाचा निधी अमेरिकेने का अडवला होता?

जुलै २०२५ च्या शेवटी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने यूसीएलए या विद्यापीठाचा संशोधन निधी थांबवला. कॅम्पसवर ज्यूंना त्रास होतो आणि विद्यापीठ काही करत नाही, हा ट्रम्प सरकारचा आरोप. या तडाख्यात टेरेन्स टाओ यांचाही निधी अडकला. आजच्या सगळ्यात नावाजलेल्या गणितज्ञांपैकी एक असलेल्या टाओंवर कसलाच आरोप नव्हता. ऑगस्टमध्ये कोर्टाने निधी परत सुरू करायला लावला.

हीच संस्था १९६० च्या दशकात अशाच वादात सापडली होती. तेव्हाचा गणितज्ञ मात्र खरोखरच बोलला होता. त्यांचं नाव स्टीफन स्मेल.

ऑगस्ट १९६६ मध्ये बर्कलीचे प्राध्यापक स्मेल फील्ड्स मेडल घ्यायला मॉस्कोत गेले. तिथल्या विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर टीका केली. त्याच दमात रशियाने हंगेरीत घातलेल्या रणगाड्यांचाही समाचार घेतला. थोडक्यात, दोन्ही घरचे पाहुणे नाराज.

अमेरिकेत खासदार भडकले. सरकारी पैशावर हा माणूस उन्हाळाभर काम करत होता की परदेशात फिरत होता, अशी विचारणा झाली. स्मेल यांनी उत्तर दिलं की, माझं सर्वात गाजलेलं काम मी रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर केलं आहे. हे वाक्य त्यांना महागात पडलं. राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार डोनाल्ड हॉर्निग यांनी पुढे त्यावरून जाहीर टोमणा मारला आणि १९६७ मध्ये फाउंडेशनने स्मेल यांचा नवा प्रस्ताव परत पाठवला. गणितज्ञांनी आवाज उठवल्यावर तोडगा निघाला.

आता तुम्ही म्हणाल, बीचवर असं काय केलं होतं?

१९६० मध्ये स्मेल याच फाउंडेशनच्या फेलोशिपवर रिओत होते. काळाबरोबर नियमाने बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे ग्रहांची गती, हवामान, विजेचं सर्किट, यांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे डायनॅमिकल सिस्टिम्स. यातला गोंधळ हा अपवाद असतो, असा स्मेल यांचा अंदाज होता. एमआयटीच्या नॉर्मन लेव्हिन्सन यांनी पत्र लिहून तो चूक असल्याचं कळवलं. पत्र समजून घेताना स्मेल यांना सुचला ‘घोड्याचा नाल’.

कणकेचा गोळा घ्या. लांब ताणा, नालासारखा दुमडा, परत ताणा, परत दुमडा. शेजारी असलेले जिऱ्याचे दोन दाणे थोड्या वेळात कुठल्या कुठे जातात. नियम ठरलेला आहे, तरी दाणा कुठे जाईल हे सांगणं अवघड. केऑस समजून घ्यायला हे चित्र आजही शिकवलं जातं. त्याच मुक्कामात त्यांनी पाच आणि त्याहून जास्त मितींसाठी पोंकारे कन्जेक्चरही सिद्ध केलं. १९६६ च्या हिशेबनिसाने यातला किती भाग काम आणि किती भाग सुट्टी धरला असता?

पुढे स्मेल कम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटीकडे वळले. एखादं गणित सोडवायला कमीत कमी किती पायऱ्या लागतील, हा तिथला प्रश्न. वरवर दुसरीच शाखा वाटते, पण समीकरण सोडवायची न्यूटनची पद्धत म्हणजे तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत उत्तराकडे सरकणं. म्हणजे ती स्वतःच एक डायनॅमिकल सिस्टिम.

इथलं त्यांचं एक काम आपल्या रोजच्या जगाजवळचं आहे. कुठला माल कोणत्या ट्रकने पाठवला तर खर्च कमी, असे हिशेब ‘सिम्प्लेक्स’ नावाच्या १९४७ च्या पद्धतीने करतात. १९७२ मध्ये कळलं की मुद्दाम रचलेल्या उदाहरणात ती अडकते. फक्त ५० चलांसाठी हजार लाख कोटींहून जास्त पायऱ्या! मग प्रत्यक्षात ती झटपट कशी चालते? स्मेल यांनी १९८३ मध्ये दाखवलं की सरासरी पाहिली तर पायऱ्या फार हळू वाढतात. १९८९ मध्ये लेनोर ब्लम आणि मायकेल शब यांच्यासोबत त्यांनी दशांश चिन्हानंतर न संपणाऱ्या संख्यांवरही चालणारं संगणकाचं गणिती मॉडेल मांडलं.

१९९८ मध्ये स्मेल यांनी नव्या शतकासाठी १८ प्रश्नांची यादी दिली. त्यातला नववा याच ट्रकच्या हिशेबाबद्दल आहे: पायऱ्यांची संख्या आकड्यांच्या लांबीवर अवलंबून नसेल, अशी हमखास वेगवान पद्धत आहे का? त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.