पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

करी रोडचा दिवस एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर चाले. आज तेथील छोट्या पेढ्यांचा दिवस ई-मेलवर चालतो. त्यामुळे जुना मेल प्रोग्रॅम 'पासवर्ड चुकीचा' असे सांगू लागला, की मागणीपत्रे आणि करखात्याच्या नोटिसा दूरच्या सर्व्हरवर अडकून पडतात.

दोष दर वेळी वापरकर्त्याचाच असतो असे नाही. सर्व्हरवरून टपाल उतरवून घेण्याची 'पॉप' पद्धत १९८४ मधली. मूळ रूपात ती नाव आणि पासवर्ड एवढ्यावरच विसंबत असे. चोरलेला पासवर्ड कोणीही वापरू शकतो, म्हणून गूगलने ३० मे २०२२ पासून व्यक्तिगत खात्यांसाठी आणि मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आउटलुक डॉट कॉमसाठी केवळ पासवर्डची ही वाट बंद केली.

निर्णय योग्यच. मात्र नकाराच्या संदेशातून खरे कारण कळत नाही. मग माणूस पुनःपुन्हा पासवर्ड बदलतो, किंवा 'दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या हाती तो सोपवतो. खरा धोका येथेच आहे.

आधी ब्राउझरमधून खाते उघडून पाहावे. उघडले, तर पासवर्ड ठीक आहे. जुना झाला आहे तो बहुधा प्रोग्रॅम. जीमेलमध्ये द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घेता येतो. आउटलुकसाठी नव्या पद्धतीचा प्रोग्रॅमच हवा.

कुलूप बदलण्याचा अधिकार कंपन्यांना आहे. ते बदलल्याचे ग्राहकाला त्याच्या भाषेत कळविण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.