‘बघतो’ म्हणजे नक्की काय?

प्रोजेक्टच्या ग्रुपची यादी लागली, की तुम्ही पहिल्यांदा काय शोधता? आपला दोस्त आपल्याच ग्रुपमध्ये आला का ते. भिंगार-नगरच्या कॉलेजात हा योग तसा कमीच. रोल नंबरप्रमाणे ग्रुप पडतात. मग एकाच टीममध्ये भिंगारचा एक जण, हरियाणातून नाहीतर केरळमधून बदली होऊन आलेल्या फौजीचा मुलगा, अकोले तालुक्यातल्या डोंगरातला एक आणि पाथर्डीकडची एक मुलगी, जिचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत.

पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुपला भारी नाव पडतं. दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू. ‘तो तोंडच उघडत नाही.’ ‘ती मीटिंगला येतच नाही.’ ‘त्याला मराठी कळत नाही, त्याला नुसतं पीपीटीचं डिझाइन देऊन टाक.’ शेवटी दोघं जण रात्र जागून सगळं उरकतात आणि कव्हर पेजवर नावं मात्र चौघांची. व्हायवाला सर प्रश्न विचारतात तेव्हा उरलेले दोघं एकमेकांकडे बघत बसतात. मार्क जातात ते जातातच, वर वर्षभर बोलणं बंद.

याला आपण आळस म्हणून मोकळे होतो. पण बऱ्याचदा गडबड वेगळीच असते. आता आपला ‘बघतो’ हाच शब्द घ्या. आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे बऱ्याचदा ‘जमणार नाही, पण तोंडावर कसं सांगू?’ बाहेरून आलेल्याला तो होकार वाटतो आणि तो वाट बघत बसतो. उलटंही होतं. मोठ्यांसमोर गप्प राहायचं अशाच घरात वाढलेला मुलगा गप्प बसला, तर त्याला काही येत नाही असं आपण ठरवून टाकतो. दोघांचंही चुकलेलं नसतं. बोलायची रीत काय, हेच कुणी ठरवलेलं नसतं.

रीत ठरवली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच शेजारी आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्र नगरला आहे. ही रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली ती मद्रास, जाट, गोरखा, शीख, कुमाऊं, गढवाल, डोग्रा अशा जुन्या रेजिमेंटमधल्या पलटणी एकत्र आणून. प्रत्येकीची भाषा वेगळी, सण वेगळे, जेवण वेगळं. त्या पलटणींनी आपला इतिहास आणि युद्धसन्मान सोडले नाहीत. पण कामाची पद्धत सगळ्यांना एक झाली. बीएमपी गाडी चालवतात ती कमांडर, गनर आणि ड्रायव्हर अशी तिघं. इंजिनाच्या आवाजात इंटरकॉमवर बोलताना ‘बघतो’ चालत नाही. कोण काय करणार आणि कुणाचा शब्द शेवटचा, हे आधीच पक्कं असतं.

तुम्ही म्हणाल, फौजेत हुकूम चालतो, आमच्या ग्रुप लीडरला कोण विचारतं? खरंय. म्हणूनच आपल्याला रीत सगळ्यांनी बसून ठरवावी लागते. विषय ठरवायच्या आधी अर्धा तास द्या. निर्णय कुठल्या भाषेत लिहायचा ते ठरवा, म्हणजे कुणी बाहेर पडणार नाही. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. ‘नाही जमणार’ म्हणायची सगळ्यांना मोकळीक द्या. मीटिंगची वेळ ठरवताना कुणाची शेवटची एसटी किती वाजता आहे आणि घरी धाकट्या भावंडांचं कोण बघतं, हे आधी विचारा. ती ‘येतच नाही’ यामागचं कारण तिथेच कळेल. आणि गप्प असणाऱ्याला चारचौघांत नको, आदल्या दिवशी एकट्याला विचारा.

एवढा खटाटोप कशाला? कारण वेगळ्या माणसाकडे आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी असतं. भिंगारजवळच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून नेहरूंसह काँग्रेसचे बारा नेते कैदेत होते. पटेल गुजराती, कृपलानी सिंधी, पट्टाभी सीतारामय्या तेलुगू, महताब उडिया, आपले शंकरराव देव मराठी. तिथेच १९४४ मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि सोबत्यांशी झालेल्या चर्चांचा किती उपयोग झाला, हे प्रस्तावनेत आवर्जून नोंदवलं. तुमचा प्रोजेक्ट ऊसतोड कामगारांवर असेल, तर पाथर्डीच्या त्या मुलीइतकी माहिती गूगलकडेही नाही. आणि तिला तुम्ही टायपिंगला बसवलंय!

उद्या पुण्यात नोकरी लागली तर टीममध्ये तमिळ, बंगाली असतील, कॉलवर जर्मन किंवा जपानी असतील. तिथे ग्रुप बदलून मिळत नाही. ही सवय लावायची जागा कॉलेजच आहे, कारण इथे चूक झाली तर मार्क जातात, नोकरी जात नाही. तेव्हा या सेमिस्टरला ग्रुपमध्ये पहिला मेसेज टाकाल तो एवढाच टाका : ‘कुणाला कधी आणि कुठे भेटायला जमेल?’ आणि उत्तर ‘बघतो’ आलं, तर पुन्हा एकदा विचारा.